टॉवर फुल्ल दाखवतो, तरी नेट का चालत नाही? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार मंडळी,

दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, "काड्या चारच्या चार दिसतायत, रिचार्ज कालच मारलंय, तरी रात्री नुसतं गोल गोल फिरत बसतं, फोन गेला का बघा जरा." बहुतेक वेळा फोन ठीक असतो आणि सिमही ठीक असतं. काउंटरवर गर्दीत हे नीट समजावून सांगता येत नाही आणि मग लोक पंधरा-वीस हजारांचा नवीन हँडसेट घेऊन मोकळे होतात, आणि घरी जाऊन नऊ वाजता परत तेच. ते पैसे वाचावेत म्हणून हे पत्रक काढलंय, निवांत वाचा आणि घरातल्यांनाही वाचायला द्या.

काड्या वेगळ्या, स्पीड वेगळा

काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय. एसटी फलाटाला लागली एवढं त्यावरून कळतं, आत बसायला जागा आहे की नाही ते कळत नाही.

एका टॉवरवर एका कंपनीचे साधारण तीन सेक्टर असतात, तीन दिशांना तोंड करून, आणि एका सेक्टरच्या टापूत जेवढे फोन चालू आहेत त्या सगळ्यांनी तिथला स्पीड वाटून घ्यायचा असतो. ४जी चा २० मेगाहर्ट्झचा एक कॅरिअर (हवेतल्या लहरींचा एक पट्टा, मेगाहर्ट्झ ही त्याची रुंदी) साध्या दोन अँटेनांवर कागदावर १५० एमबीपीएस (नेटचा स्पीड मोजायचं माप) पर्यंत जातो, पण तो आकडा टॉवरसमोर मोकळ्यात असलेल्या एकट्या फोनचा झाला. लांबचे, स्लॅबखालचे, पत्र्याच्या शेडमधले फोन त्यात धरले की हातात येतं ते बरंच कमी. समजा ४० एमबीपीएस हातात आले. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस लागतात, म्हणजे आठ जण धरले की सेक्टर भरला, नववा आला की सगळ्यांचंच अडकायला सुरुवात. तेच व्हिडिओ सगळ्यांनी ४८०पी वर, म्हणजे एचडी पेक्षा कमी क्वालिटीवर लावले तर माणशी १ एमबीपीएस च्या आसपास लागतात, म्हणजे त्याच सेक्टरवर चाळीस जणांचं भागतं. पहाटे सहाला तुमचंच सिम पळतं आणि रात्री नऊला रडतं ते यामुळे, रात्री सगळं गाव एकदम बघायला बसलेलं असतं.

एवढी गर्दी आली कुठून

२०१६ च्या आधीचं आठवतंय का, १ जीबी साठी अडीचशेच्या आसपास पैसे जायचे आणि ते महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो, फोटो सुद्धा वायफाय मिळाल्यावर डाउनलोड करायचे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, मार्च २०१७ पर्यंत फुकट चाललं, आणि त्यानंतर सगळ्याच कंपन्यांना रोज १ जीबी, दीड जीबी असे प्लॅन काढावे लागले. आता देशात नेट वापरणारा एक माणूस महिन्याला सरासरी २० जीबी च्या वर डेटा वापरतो आणि त्यातला मोठा हिस्सा व्हिडिओचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजने टॉवर भरत नाही, रील्स आणि मॅचने भरतो.

मॅचचं तर वेगळंच आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्डकप फायनल हॉटस्टारवर एका वेळी ५ कोटी ९० लाख स्क्रीनवर चालू होती. टीव्हीला एकदाच प्रक्षेपण करून भागतं, पण मोबाईलवर प्रत्येक फोनला टॉवरकडून वेगळा प्रवाह जातो, एकाच खाटेवर बसून दोघं जण आपापल्या फोनवर तीच मॅच बघत असले तरी दोनदा. म्हणून आम्ही सांगतो की भारताची मॅच असली की डिश किंवा केबलवर सगळ्यांनी एकत्र बघा, तुमचंही नीट चालेल आणि शेजाऱ्याचंही.

कंपन्या काय काय करतात

टॉवरची ताकद वाढवायचे रस्ते मोजकेच आहेत. जास्त स्पेक्ट्रम घ्या, जास्त टॉवर लावा, नाहीतर आहे त्याच स्पेक्ट्रममधून जास्त काम काढा. कंपन्या तिन्ही करतात, आणि तिन्हीत अडचणी आहेत.

स्पेक्ट्रम म्हणजे हवेतल्या लहरींचा पट्टा, तो सरकार लिलावात देतं, सर्कलप्रमाणे. देशात अशी २२ सर्कल, म्हणजे टेलिकॉमसाठी पाडलेले विभाग आहेत, त्यात मुंबईचं सर्कल वेगळं आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसऱ्या सर्कलमध्ये, म्हणून मुंबईच्या पाहुण्यांकडे एखाद्या कंपनीचं नेट भारी चालतं यावरून आपल्याकडेही तसंच चालेल असं धरू नका. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी मिळून दीड लाख कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम घेतला, २० वर्षांसाठी. त्यातलाच ३३०० मेगाहर्ट्झचा बँड (लहरींचा टप्पा) ५जी साठी वापरतात, जिओ आणि एअरटेलकडे त्यात १०० मेगाहर्ट्झ सलग आहे, म्हणजे वर सांगितलेल्या ४जी च्या एका कॅरिअरच्या पाचपट रुंद. ५जी लागलं की एकदम मोकळं वाटतं ते यामुळेच, नुसत्या नावात काही नसतं. फक्त एक आहे, एवढ्या वरच्या बँडची लहर लांब जात नाही आणि भिंतीत मार खाते. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि घरात घुसते पण तिथे जागा थोडी, त्यामुळे गच्चीवर ५जी पळतं आणि आतल्या खोलीत त्याच फोनवर ४जी दिसतं, यात बिघाड काही नाही.

जुना स्पेक्ट्रम मोकळा करून नव्याला देणं हाही एक मार्ग. एअरटेलने २०२० मध्ये देशभरातलं ३जी बंद करत आणलं आणि तो बँड ४जी ला दिला. तुमच्याकडे फक्त ३जी चालणारा जुना स्मार्टफोन असेल तर त्यावर नेट का येत नाही त्याचं उत्तर हे, अशा एकाच केसमध्ये आम्ही हँडसेट बदला म्हणतो.

आता जवळचा टॉवर एकदा नीट निरखून बघा. उभ्या लांबट पांढऱ्या पेट्या दिसतात त्या ४जी च्या अँटेना, तीन दिशांना. त्यांच्यापेक्षा आखूड, रुंद आणि जाड अशी चौकोनी पेटी दिसली तर ती बहुतेक ५जी ची, तिच्या आत ३२ किंवा ६४ छोटी रेडिओ यंत्रं असतात आणि ती सगळ्या भागात सारखा सिग्नल पसरवण्यापेक्षा ज्या फोनला डेटा हवाय त्याच्या दिशेने झोत वळवते, एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे झोत, म्हणून तोच स्पेक्ट्रम एका वेळी अनेकांना परत परत वापरता येतो. आणि गोल ढोलासारखं काही दिसलं तर तो मायक्रोवेव्ह, म्हणजे तो टॉवर पुढच्या टॉवरशी हवेतून जोडलाय.

हा ढोल महत्त्वाचा आहे, कारण टॉवरवर कितीही नवीन पेट्या लावल्या तरी टॉवरला पुढे नेटशी जोडणारी मागची लाईन बारीक असेल तर काही उपयोग नाही. खरा इलाज टॉवरपर्यंत फायबर नेणं. पण त्यासाठी रस्ता खोदायची परवानगी लागते, कुठे नगरपालिकेची कुठे बांधकाम खात्याची, आणि टाकून झाल्यावर पुढच्या महिन्यात पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी येतो आणि केबल तोडतो, मग अर्धा तालुका दिवसभर बंद. खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलंय. आपल्या गिऱ्हाईकांत बोअरवाले आणि जेसीबीवाले आहेत, त्यांना कळकळीची विनंती, ते वापरा.

नवीन टॉवरचं बोलायचं तर जागाच मिळत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक रेडिएशनच्या भीतीने विरोध करतात आणि तेच लोक आमच्याकडे येऊन रेंज नाही म्हणतात. भीती वाटणं साहजिक आहे, घरात लहान मुलं असतात, पण माहिती घेऊन मग ठरवा. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे, आणि सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर तुमच्या भागातले टॉवर बघता येतात, फी भरून मोजणीही करून घेता येते. उलट टॉवर लांब असला की तुमचा फोनच जास्त ताकद लावून बोलतो आणि तो तर कानाला लावलेला असतो.

जत्रा, मोठ्या सभा अशा ठिकाणी चाकांवरचे टॉवर आणून उभे करतात, २०२५ च्या प्रयागराज कुंभात ते होते, आणि नाशिकच्या कुंभालाही लागणारच.

पडद्यामागे अजून एक सोय असते. नेटफ्लिक्स आणि गूगल यांचे सर्व्हर नेट कंपन्यांच्या स्वतःच्या जाळ्यात बसवलेले असतात, लोकप्रिय व्हिडिओ तिथे आधीच साठवून ठेवतात म्हणजे प्रत्येक वेळी परदेशातून आणावा लागत नाही. याने लांबचा प्रवास वाचतो, तुमच्या टॉवरवरची गर्दी मात्र तशीच राहते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर तर व्हिडिओ कंपन्यांनी स्वतःहून मोबाईलवरची क्वालिटी १४ एप्रिलपर्यंत ४८०पी वर आणली होती, ४८०पी ने किती फरक पडतो ते वर बघितलंच.

आणि शेवटचा उपाय खिशातून. रोजचा कोटा संपला की ६४ केबीपीएस चा रांगता स्पीड, दर वाढवणं, आणि जुलै २०२४ पासून जिओ-एअरटेलचं अनलिमिटेड ५जी रोज २ जीबी किंवा वरच्या प्लॅनवरच. प्लॅन विचारताना हे आम्हाला विचारत जा, थोडे पैसे वाचवायच्या नादात अनलिमिटेड ५जी जातं आणि लोकांना ते महिन्यानंतर कळतं.

तुम्ही काय करू शकता

फोन आला की नेट बंद पडतं असं असेल तर सेटिंगमध्ये व्होल्टी (VoLTE, म्हणजे ४जी वरूनच कॉल) चालू आहे का बघा, बंद असेल तर कॉलसाठी फोन २जी वर उतरतो आणि तेवढा वेळ डेटा थांबतो. ५जी ची एकच काडी असेल आणि अडकत असेल तर ४जी वर टाकून बघा. यूट्यूबला मोबाईल डेटासाठी डेटा सेव्हर लावा, सहा इंची स्क्रीनवर ४८०पी चांगलं दिसतं.

पोर्ट करायच्या, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायच्या आधी घाई करू नका. शेजाऱ्याचं किंवा पाहुण्यांचं दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन घ्या आणि तुमच्याच घरात, तुमच्या झोपायच्या खोलीत, रात्री नऊला स्पीड टेस्ट करा, दुपारी दुकानासमोर केलेली टेस्ट कामाची नाही. त्यात फरक दिसला तरच पोर्ट करा. तक्रार १९८ वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या, नुसतं "नेट स्लो आहे" म्हणू नका, कुठली जागा, किती वाजता, घरात की बाहेर ते सांगा. एका सेक्टरबद्दल बऱ्याच जणांच्या तक्रारी एकाच वेळेच्या आल्या तर कंपनीला तिथे कॅरिअर वाढवायला कारण मिळतं. ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या मायस्पीड अ‍ॅपवर टेस्ट केली तर आकडा थेट ट्रायकडे जातो.

बूस्टर मात्र मागू नका, आम्ही विकत नाही आणि विकणार नाही. ऑनलाइन दोन-तीन हजाराला मिळतो तो परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि त्याने तुमच्या काड्या वाढतात पण टॉवरला गोंगाट जाऊन आजूबाजूच्या सगळ्यांचे कॉल कटतात. घरात रेंजच येत नसेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत, घरी वायफाय हवं आणि फोनमध्ये ती सोय हवी एवढंच.

घरात चार माणसं, एक टीव्ही, मुलांचा ऑनलाइन क्लास असेल तर आमचं स्पष्ट मत की फायबर घ्या. जोडणीचा आमचा धंदा आहे हे खरंच, पण ज्यांच्या गल्लीत फायबर आलेलं नाही त्यांना आम्ही उगाच काही गळ्यात मारत नाही, तिथे ५जी चं एअरफायबर (केबलशिवाय टॉवरवरून घरात वायफाय) मिळतं का ते आधी गच्चीवर येऊन मोजतो आणि स्पीड येत नसेल तर नको म्हणून सांगतो. एअरफायबर शेवटी त्याच टॉवरवर चालतं, हे लक्षात ठेवून घ्या.

मोजणीला आम्ही पैसे घेत नाही. येताना फोन, सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं आधार आणि रात्रीच्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट एवढं घेऊन या. आठवडे बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी असते, त्या दिवशी शक्यतो सकाळी दहाच्या आत या.