बोर्डाचे टक्के आणि आयुर्विमा: एक खुलासा

देवळाली कॅम्पात तोफखान्यातून निवृत्त झालेल्या चार जणांत बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: “डिसॅबिलिटी पेन्शन लागलं की आयुर्विमा विसरा.” हे खरं नाही.

मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांची समिती, अपंगत्वाचे टक्के लिहितं ते पेन्शनसाठी. विमा कंपनी बघते मृत्यूची जोखीम. तोफांच्या आवाजाने कान गेलेला हवालदार आणि हृदयविकारामुळे घरी पाठवलेला हवालदार, दोघांच्या कागदावर टक्के सारखे असू शकतात. कंपनीच्या लेखी मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्याला नेहमीच्या दरातही विमा मिळू शकतो. दुसऱ्याला जादा हप्ता पडेल, कदाचित नकारही येईल. पण तो त्या एका कंपनीचा, सगळ्यांचा नव्हे.

खरा घोळ होतो अर्ज भरताना. ‘अपंगत्व आहे का?’ यापुढे एखादा एजंट परस्पर ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. सही मात्र तुमची! विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार, महत्त्वाची माहिती लपवल्याचं कारण देऊन पहिल्या ३ वर्षांत कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. बोर्डाचे कागद सोबत जोडाच.

वय ५० च्या आत असेल तर बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा: वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं कवच, वैद्यकीय तपासणी नाही.

आणि त्याआधी घरातली काळी ट्रंक उघडा. डिस्चार्जच्या वेळी आर्मी ग्रुप इन्शुरन्सच्या (सैनिकांच्या सामूहिक विम्याच्या) रकमेतून विस्तारित विम्याचा, म्हणजे निवृत्तीनंतरही चालू राहणाऱ्या कवचाचा, एकरकमी हप्ता अनेकांचा कापलेला असतो. ते प्रमाणपत्र तळाशी पडून असतं, नि बायकोला त्याचा पत्ताच नसतो.