बर्फात ठेवली म्हणजे किडनी सेफ? नाही हो

"दात्याची काढलेली किडनी बर्फाच्या पेटीत ठेवली की तिला काही होत नाही, पेशंटला कधीही बसवा" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, पण ते खरं नाहीये. साधारण 4 डिग्रीला पेशींचं काम मंदावतं, थांबत नाही, त्यामुळे रक्ताविना जाणाऱ्या प्रत्येक तासाला आतली एनर्जी संपत जाते, आणि बऱ्याच जणांना माहीतच नसतं की रक्त परत सुरू होतं तेव्हाही मार बसतो, एकदम आलेल्या ऑक्सिजनमुळे घातक रेणू तयार होऊन सूज येते. म्हणूनच काही पेशंटना किडनी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागतं. घाबरू नका, बहुतेकांची किडनी नंतर चालू होते, पण मार मोठा असेल तर आत कायमचे व्रण राहतात, किडनीचं आयुष्यही घटतं. अवयव नेणाऱ्या गाडीच्या ग्रीन कॉरिडॉरसाठी रस्ता मोकळा करतात ना, तो हाच वेळ वाचवायला.