बटण दाबायच्या आधी पैज लावा

आमच्या घरात सध्या वडापावची उधारी चालू आहे. माझ्याकडे तीन, नवऱ्याकडे दोन, सासऱ्यांकडेही तीन, आणि लेकाचं म्हणणं असं की त्याला सगळ्यांकडून येणंच आहे, देणं काहीच नाही (खोटं आहे, पुढे सांगते). भानगड सगळी सायन्स सेंटरमधली.

त्याला वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला पहिल्यांदा नेलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आत शिरला तो सुटलाच, हे बटण दाब, ते चाक फिरव, तो दांडा ओढ, काय होतंय ते बघायला थांबतोय कोण, पुढच्या बटणावर हात गेलेला असायचा. दीड तासात अख्खी गॅलरी संपवून 'भूक लागली'. काय काय बघितलंस विचारलं तर म्हणे "बटणं". आणि खरं सांगायचं तर आम्ही मोठेही तेच करत होतो, फक्त जरा हळू चालत. बटण दाबायचं, बोर्डावरच्या दोन ओळी वाचायच्या, "अच्छा अच्छा" म्हणायचं, पुढे.

म्हणून यंदा नियम केला. वरळी परत केलं, आणि नणंदेकडे नागपूरला गेलो तेव्हा तिथलं रामन विज्ञान केंद्रही केलं. कुठली वस्तू कुठे बघितली ते आता डोक्यात मिसळून गेलंय, पण बहुतेक गोष्टी अशा सेंटर्समध्ये थोड्याफार फरकाने असतातच. नियम साधा. हात लावायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं की आता काय होणार. ज्याचं चुकलं त्याच्या नावावर एक वडापाव. बोर्ड आधी वाचला तर दोन.

सुरुवातच वाईट झाली. दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून चिकटवावीत तसा एक लाकडी तुकडा, आणि त्याला घरंगळायला दोन पट्ट्या. पट्ट्या एका टोकाला जवळजवळ चिकटलेल्या आणि खाली, दुसऱ्या टोकाला फाकलेल्या आणि वर. तुकडा मधे ठेवून सोडला तर कुठे जाईल? मी, नवरा, सासरे, तिघेही एका सुरात "खाली". लेक म्हणाला "वर". सोडला, आणि तो शांतपणे चढ चढून गेला की हो! सासरे ३० वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग सरळ खाली वाकून तुकड्याच्या टोकाच्या लेव्हलला डोळा लावला. "अगं, हा चढत नाहीये, हा उतरतोय."

बरोबर होतं त्यांचं. पट्ट्या वर जातात, पण जशा फाकत जातात तसा तो तुकडा त्यांच्यामध्ये खाली रुततो, कारण आता तो जाड पोटावर नाही, बारीक टोकांवर टेकलेला असतो. पट्टी जेवढी वर चढते त्याच्यापेक्षा तुकडा जास्त खाली बसतो. म्हणजे त्याचा मध्य, ज्याला आपण गुरुत्वमध्य म्हणतो, तो उतारावरच चाललाय. आपण पट्टीकडे बघतो म्हणून फसतो, टोकाकडे बघितलं की जादू संपते. मला तर संपल्यावर जास्त आवडली.

लेकाला विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणे "तुम्ही सगळे खाली म्हणालात ना, म्हणून." म्हणजे साहेबांना विज्ञान नाही, म्युझियम कळलेलं! जे उत्तर वेडगळ वाटतं ते बोलायचं. लगेच नियमात दुरुस्ती केली: कारण सांगितल्याशिवाय पैज लागू नाही.

पुढची होती गोळ्यांची शर्यत. एका उंचीवरून निघून एकाच ठिकाणी संपणारे दोन मार्ग, एक सरळ उताराचा, दुसरा आधी खोल खाली जाऊन मग हळूहळू सपाट होणारा. सरळ मार्ग अर्थातच छोटा. सासरे आणि मी सरळवाल्याकडे, कारण अंतर कमी. लेक वाकड्याकडे, कारण "घसरगुंडीवर सुरुवातीलाच जोरात गेलं की पुढे आपोआप जोर राहतो". दोन्ही गोळ्या एकदम सोडल्या आणि वाकड्या मार्गावरची आधी पोचली, अगदी उघड उघड आधी. आणि या वेळी पोराचं कारणही बरोबर होतं. सुरुवातीलाच खोल पडल्यामुळे गोळी लवकर वेग घेते आणि तोच वेग उरलेल्या लांब रस्त्यावर वापरते, जास्तीचं अंतर भरून निघतं.

मग सगळ्यात फास्ट मार्ग कुठला, हा प्रश्न योहान बर्नुलीने १६९६ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना चॅलेंज म्हणून टाकला होता. गॅलिलिओला त्याच्याआधी वाटलेलं की वर्तुळाचा तुकडा असेल, ते चुकलं. न्यूटन तेव्हा टांकसाळीत नोकरीला होता, संध्याकाळी दमून घरी आला, चिठ्ठी बघितली आणि पहाटेपर्यंत सोडवून मोकळा झाला असं त्याच्या भाचीने सांगून ठेवलंय. उत्तर म्हणजे सायक्लॉइड. सायकलच्या टायरला खडूने एक ठिपका काढा आणि सायकल भिंतीला लागून चालवा, तो ठिपका हवेत जी कमान काढतो ना, ती उलटी केली की झाला हा मार्ग. आणि याची अजून एक गंमत आहे, यावर गोळी अगदी वरून सोडा नाहीतर मधूनच सोडा, तळाला पोचायला वेळ तेवढाच. यावर आम्ही पैज लावली नाही याचं मला अजून वाईट वाटतं, तो वडापाव मला नक्की मिळाला असता.

पैजेची ही आयडिया माझी आहे असं मी मिरवत होते, पण या जागा बनवणाऱ्यांनी ती कधीच हेरून ठेवलेली दिसते. फ्रँक ओपेनहायमर, अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ, स्वतःही त्याच प्रोजेक्टवर काम केलेला फिजिसिस्ट. पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होतो हे १९४९ मध्ये कबूल करावं लागलं, युनिव्हर्सिटीतली नोकरी गेली, आणि हा माणूस कोलोरॅडोत गुरं पाळत बसला, कितीतरी वर्षं. मग तिथल्याच गावच्या हायस्कूलमध्ये शिकवायला लागला. त्यानेच पुढे १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे हात लावून बघायचं विज्ञान म्युझियम उघडलं, जिथे वस्तू बनवायचं वर्कशॉपसुद्धा लोकांच्या डोळ्यांदेखत चालायचं, करवत, वेल्डिंग, सगळं. सासऱ्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तिकडेच न्या की मला."

आपल्याकडे कलकत्त्याचं बिर्ला म्युझियम त्याच्याही आधीचं, १९५९ चं. वरळीचं काम तुकड्यातुकड्याने झालं. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं प्रदर्शन, १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने बाहेरचं सायन्स पार्क, आणि पूर्ण सेंटर नोव्हेंबर १९८५ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते. त्या बागेत जुनं रेल्वे इंजिन आहे, ट्राम आहे, आणि एचएएलचं मारुत हे लढाऊ विमान. लोक आतल्या एसीत वेळ घालवतात आणि बाग उरकतात. माझं मत उलटं, सकाळी ऊन चढायच्या आत बाग करा.

अशाच एका बागेत लेक हरला. दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायच्या खुर्च्या असतात, प्रत्येकीला कप्प्या कमी-जास्त. सगळ्यात सोपी कुठली? लेकाने आपला जुना फॉर्म्युला लावला, सगळ्यात कमी कप्प्या, "कारण कमी घासणार". सासरे नुसते हसले. वर्कशॉपमध्ये चेन कप्पीने इंजिनं उचललेला माणूस तो. वजन दोरीच्या किती पदरांवर पेललंय ते मोजायचं, हातातला पदर धरून, एवढंच. ६० किलोचा माणूस चार पदरांवर असला तर हाताला साधारण १५ किलो लागतात, घासण्याचं थोडं वेगळं. पण फुकट काही नाही, एक फूट वर जायला चार फूट दोरी ओढावी लागते. लेक दोन पदरांच्या खुर्चीवर लाल होऊन लोंबकळत होता आणि आजोबा शेजारी आरामात वर जाऊन बसले, आणि वरून म्हणतात, "काय रे, येतोस का वर?"

एक तक्रार मात्र आहे. एका सेंटरमध्ये, नाव नको, दर तिसऱ्या वस्तूवर 'बंद आहे'चा कागद. हजार पोरं रोज जो दांडा ओढणार तो मोडणारच हे मला कळतं, पण मोडलेल्या वस्तूसमोर पैज कशी लावायची?

सासऱ्यांचा तिसरा वडापाव गेला तो तांब्याच्या पाइपवर. मीटरभर उभा पाइप, त्यात वरून जोरदार मॅग्नेट सोडायचा. "तांब्याला चुंबक चिकटतच नाही, धाडकन खाली येणार," इति सासरे, आणि कारण सज्जड होतं, चिकटत नाहीच. एरवी मीटरभर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. सोडला, आणि आम्ही मोजायला लागलो, एक, दोन, तीन, चार... पाचाला तो बाहेर आला, जसा काही मधात पडला होता. वरून आत बघितलं तर कडेला न लागता तरंगत उतरताना दिसतो.

हे लेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाचं काम, १८३४ चा नियम. मॅग्नेट सरकला की त्याच्या आसपासच्या तांब्यात विजेचे भोवरे उठतात, एडी करंट म्हणतात त्यांना. हे प्रवाह स्वतःच मॅग्नेटसारखे वागतात, आणि नेहमी हलण्याच्या विरोधात. खालचे भोवरे वर ढकलतात, वरचे मागे खेचतात. मॅग्नेट थांबला तर भोवरेही थांबतील, म्हणून तो पूर्ण अडकत नाही, नुसता रेंगाळतो. जुन्या लाइट मीटरमधली फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आठवते? तिच्या कडेला ब्रेक म्हणून असाच एक मॅग्नेट बसवलेला असायचा, नाहीतर ती नुसती गरगरत सुटली असती.

सासऱ्यांना ही हार फार लागली. घरी येऊन फ्रिजवरचा मॅग्नेट पाइपच्या तुकड्यातून टाकून बघितला, काही फरक पडेना, तो फारच कमजोर असतो. मग नियोडिमियमचे ऑनलाइन मागवले (घरात लहान मूल असेल तर हे कपाटात वर ठेवा, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून ऑपरेशनची वेळ येते). पाइप लहान पडला म्हणून ॲल्युमिनियमची मोठी परात भिंतीला तिरकी लावली आणि वरून मॅग्नेट सोडला. आला हळूहळू घसरत, खडू सोडला तर सर्रकन खाली.

दोघं आजोबा-नातू अर्धा तास तेच करत होते. शेवटी सासूबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, परात द्या माझी." त्यांनाही विचारलं, काय होईल सांगा. त्यांनी एकदा परातीकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि म्हणाल्या, "चपात्या उशिरा होतील."