काळ्या दारूच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या : हाताळणी व साठवण

काळी दारू (सोरा, कोळसा व गंधक यांची जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) भरलेले काडतूस उडाल्यावर बंदुकीतून निघणारी रिकामी पितळी पुंगळी स्वच्छ करणे, वाळवणे आणि पुन्हा भरण्यासाठी जपून ठेवणे, या कामाची ही नोंद आहे. तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकांना पुंगळी लागत नाही. त्यामुळे हा प्रश्न १८६० च्या दशकापासून धूरविरहित दारू येईपर्यंतच्या काडतुसांचा, आणि आज हौस किंवा स्पर्धा म्हणून तशाच रायफली चालवणाऱ्या नेमबाजांचा आहे. अमेरिकेत १८७३ साली स्वीकारलेले .४५-७० हे काडतूस आणि ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे .५७७/४५० हे काडतूस आजही भरून वापरले जाते. अमेरिकेतील एका लोकप्रिय स्पर्धाप्रकारात २०० ते ५०० मीटर अंतरावरची पोलादी पशुपक्ष्यांची छायाकृती लक्ष्ये पाडायची असतात, आणि तेथे पुंगळ्यांची एकसारखी निगा हा नेमाचाच भाग मानला जातो.

काळी दारू म्हणजे सोरा, लोणारी कोळसा आणि गंधक यांचे साधारणपणे ७५:१५:१० असे मिश्रण. त्याच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू न होता घनरूपात मागे राहतो. या काजळीत मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. कार्बोनेट हवेतील ओल शोषून घेते आणि सल्फाइड पितळेतील तांब्याला काळे करते. म्हणून पुंगळी तशीच डब्यात टाकून दिली, तर काही दिवसांतच आत चिकट थर बसतो, प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातील, ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीच्या) खोबणीत तो दगडासारखा घट्ट होतो आणि कडेने हिरवे जंगाल चढते. धूरविरहित दारूची पुंगळी महिनोन्‌महिने न धुता राहिली तरी फारसे बिघडत नाही. काळ्या दारूच्या बाबतीत ही ढिलाई चालत नाही.

अनुभवी नेमबाज म्हणून मैदानावरच कामाला लागतात. हातातल्या छोट्या यंत्राने उडालेला प्रायमर आधी काढतात, कारण तो जागेवर राहिला तर पाणी खोबणीत पोहोचत नाही. नंतर पुंगळ्या थोडा भांडी धुण्याचा साबण घातलेल्या पाण्याच्या बरणीत टाकतात. काही मिनिटांत पाणी शाईसारखे काळे होते आणि त्याला सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो सल्फाइडपासून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. घरी आल्यावर गरम पाणी, बाटल्या घासण्याचा ब्रश आणि दोन-तीन वेळा खळबळणे एवढे पुरते. डाग घालवण्यासाठी सौम्य व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल वापरतात. चिंच लावून पितळी तांब्या लख्ख करतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र पुंगळी आम्लात फार वेळ राहिली, तर जस्त निघून जाऊन पृष्ठभाग गुलाबी पडतो. फिरत्या पिंपात पाणी आणि सिरॅमिक कण किंवा पोलादी सुया घालून घासल्यास चकाकी येते, पण ती शोभेची बाब आहे. काजळी निघालेली, नुसतीच काळपट पडलेली पुंगळी कामाला तितकीच चांगली असते. साफसफाईची खरी कसोटी खोबणीत आणि प्रायमरची ठिणगी जाणाऱ्या छिद्रात लागते.

पितळ चकाकवणाऱ्या बाजारी द्रावणांपैकी अमोनियायुक्त द्रावणे मात्र वर्ज्य आहेत, आणि त्यामागचा इतिहास भारतातलाच आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, तेव्हा पुंगळ्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून पुंगळी घडवताना धातूत साठलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ चिरते, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली स्पष्ट केले. पुंगळीसाठी वापरले जाणारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ या दोषाला विशेष बळी पडते. पुंगळीचे तोंड वारंवार आवळले-उघडले गेल्याने कडक होते, म्हणून ते ठरावीक वेळा भरल्यावर तापवून नरम करतात. बूड मात्र कधीच तापू द्यायचे नसते, कारण दाब तेच पेलते. जुन्या पाऱ्याच्या प्रायमरांचा प्रश्न वेगळा होता: काळ्या दारूची भरपूर काजळी पाऱ्याला बऱ्याच अंशी पांगवत असे, तर धूरविरहित दारूत तो थेट पितळेत मुरून पुंगळी ठिसूळ करी. असे पितळ कितीही धुतले तरी सुधारत नाही.

धुतलेली पुंगळी उन्हात, पंख्याखाली किंवा मंद उष्णतेवर पूर्ण वाळली पाहिजे. आत राहिलेला पाण्याचा एक थेंबही पुढच्या भरणीची दारू बाद करू शकतो. साठवण कोरड्या, झाकणबंद डब्यात, कोणत्या रायफलीची, कोणत्या घाण्याची (म्हणजे एकाच वेळी बनलेल्या कोणत्या गटाची) आणि कितव्यांदा उडालेली याची चिठ्ठी लावून करतात, कारण प्रत्येक पुंगळी आपापल्या रायफलीच्या कोठीच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) मापाची झालेली असते. काडतुसांचा चामडी पट्टा साठवणुकीला वाईट: कमावलेल्या चामड्यातील आम्लांमुळे पितळेवर जंगाल धरते, आणि अमेरिकी सैन्यात विणलेले कापडी पट्टे रूढ होण्याचे तेही एक कारण होते. प्रायमरच्या अवशेषांत शिसे असू शकते, त्यामुळे हे धुणे स्वयंपाकघरातील मोरीत करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. न उडालेला प्रायमर असलेली पुंगळी या ढिगात कधीही मिसळत नाहीत.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याच्या सुट्या भागांचाही समावेश आहे. त्यामुळे येथे रिकाम्या पुंगळ्या जमवणाऱ्याने त्यांना निव्वळ पितळी भंगार समजू नये.