सिंगल आणि ड्युअल एक्झॉस्ट (परफॉर्मन्स पिकअप ट्रक)

व्ही-८ (व्ही आकारात, दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेलं इंजिन) पिकअपला धूर सोडायला मागे एकच पाइप (सिंगल) ठेवायचा की दोन (ड्युअल), हा अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचा जुना वाद. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ मध्ये इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा धूर आडव्या पाइपने एकत्र आणून एकाच नळीतून मागे सोडलेला होता, हॉट रॉडवाले (जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारे हौशी) हा आडवा पाइप काढून दोन्ही बाजूंना वेगळ्या नळ्या लावायचे आणि ड्युअलची हौस साधारण तिथूनच वाढली असं मानतात, दुसऱ्या महायुद्धानंतर ती जास्तच दिसते. १९७५ च्या सुमारास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारे डबे) आले आणि बऱ्याच गाड्या परत सिंगलवर गेल्या. १९७८ चा डॉज लिल रेड एक्सप्रेस हा पिकअप मात्र ६,००० पाउंडांवरच्या वजनगटात असल्याने कन्व्हर्टर लावण्यातून सुटला, केबिनमागे दोन उभे पाइप घेऊन.

खरा वाद बॅकप्रेशरचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराला पाइपमध्ये होणाऱ्या अडथळ्याचा. थोडं बॅकप्रेशर नसेल तर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) जातो असं सर्रास सांगतात. दुसरं मत असं की बॅकप्रेशरने तोटाच होतो. पाइप फार रुंद घेतला की कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) धुराचा वेग पडतो, सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घ्यायचा जोर कमी होतो आणि टॉर्क त्यामुळे जातो. हे दुसरं मतच जास्त पटतं. आकडे बघा, २.५ इंची दोन पाइपांचं क्षेत्रफळ मिळून ९.८ चौरस इंच आणि ३.५ इंची एकट्याचं ९.६, म्हणजे दोन पाइप म्हणून ताकद आपोआप वाढत नाही.

नेहमीच्या क्रॉसप्लेन (क्रँकशाफ्टचे खटके ९० अंशांवर असलेल्या) व्ही-८ मध्ये एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ फायर होतात आणि त्या बाजूच्या पाइपवर धुराचा भार एकदम येतो, म्हणून ड्युअलमध्ये दोन्ही बाजू एच किंवा एक्स अक्षराच्या आकाराच्या पाइपने जोडतात. एचचा आवाज खोल, एक्सचा जरा तीक्ष्ण. मफलरपर्यंत (आवाज कमी करणारा डबा) एकच पाइप आणि मागे दोन टोकं, हे ड्युअल फक्त दिसण्यापुरतं. एकच टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या डिझेलला टर्बोमधून वाट एकच, तिथे ४ इंची सिंगल पुरतो.

फोर्ड एफ-१५० मध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बाजूला असते, त्यामुळे त्या बाजूने दुसरा पाइप न्यायला जागा अपुरी पडते. १९९९ ते २००४ च्या एसव्हीटी लाइटनिंगमध्ये (एफ-१५० चीच वेगवान आवृत्ती) तर दोन्ही टोकं उजव्या मागच्या चाकापुढेच बाहेर काढली होती.