सैन्य छावणीत का राहते?

कुलाब्यात कूपरेजच्या परिसरात 1946 च्या नाविकांच्या उठावाचे स्मारक आहे. त्याच्या समोरून रोज हजारो लोक कामावर जातात, आणि थांबून पाहणारा विरळाच. त्या वर्षी 18 फेब्रुवारीला ‘एचएमआयएस तलवार’ या मुंबईतील तळावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांच्याविरुद्ध काम बंद केले, आणि पाहता पाहता तो संप कराचीपासून कोलकात्यापर्यंत 78 जहाजे, 20 तळ आणि सुमारे 20 हजार नाविकांपर्यंत पोहोचला. नाव जहाजाचे वाटले तरी ‘तलवार’ ही संदेशवहन शिकवणारी किनाऱ्यावरची प्रशिक्षण शाळा होती. इतिहासाच्या पुस्तकांत ही बाब एका ओळीत आटोपते, पण सैन्य आणि सत्ता यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने सारे मर्म तिच्यातच आहे. दुसऱ्या बंदरातल्या खलाशाला मुंबईची बातमी तासाभरात कळू शकते, हे ज्यांच्या हाती होते तेच संपावर गेले होते.

हा उठाव सत्ता बळकावण्यासाठी नव्हता. तरीही त्यात जे घडले तेच सत्तापालटातही घडते. शत्रूला रोखण्याइतके समर्थ सैन्य स्वतःच्या सरकारला घरी पाठवण्याइतकेही समर्थ असते, ही प्रत्येक राष्ट्राची जुनी अडचण आहे. 1950 पासून जगभरात लष्करी सत्तापालटाचे सुमारे पाचशे प्रयत्न झाले असून त्यांतले साधारण निम्मे यशस्वी ठरले. हा प्रकार इतिहासजमाही झालेला नाही. म्यानमारमध्ये 2021 मध्ये, बुर्किना फासोमध्ये 2022 या एकाच वर्षात दोनदा, तर नायजर आणि गॅबॉन येथे 2023 मध्ये सैन्याने सत्ता हाती घेतली.

आता उरलेल्या निम्म्या प्रयत्नांचे काय? बंदुका दोन्हीकडे असतात, मग एक उठाव साधतो आणि दुसरा फसतो तो कशामुळे? नौनिहाल सिंग या राज्यशास्त्रज्ञाने घानातील उठावांत प्रत्यक्ष भाग घेतलेल्या सैनिकांच्या मुलाखती घेऊन या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांच्या मते उठाव म्हणजे मुख्यतः लढाई नसते आणि सैन्याने केलेले मतदानही नसते. ती परस्परांच्या अंदाजाची जुळवाजुळव असते. आपल्याच सहकाऱ्यांवर गोळ्या झाडण्याची इच्छा बहुतेक अधिकाऱ्यांना नसते. त्यामुळे ‘मला कोण हवे’ यापेक्षा ‘बाकीचे कोणाच्या बाजूला जाणार’ हा प्रश्न प्रत्येकाला अधिक सतावतो.

मुंबईकराला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. संध्याकाळी दादरच्या फलाटावर जलद गाडीची वाट पाहत हजार माणसे उभी असतात. गाडी पलीकडच्या फलाटावर येणार अशी कुजबुज सुरू होते, तेव्हा दोघे-चौघे जिन्याकडे वळतात आणि बाकीचे चुळबुळत जागीच राहतात. तेच ध्वनिक्षेपकावरून जाहीर झाले की सगळा फलाट एकदम पळत सुटतो. घोषणा खरी की खोटी याची खातरजमा कोणी करत नाही, कारण ती आपण ऐकली आहे एवढेच नव्हे, तर सर्वांनी ऐकली आहे हेही प्रत्येकाला ठाऊक असते. उठाव करणारे शस्त्रागाराइतक्याच तातडीने आकाशवाणी केंद्र गाठतात ते याच कारणाने. 12 ऑक्टोबर 1999 रोजी इस्लामाबादेत पाकिस्तानी सैनिक सरकारी दूरचित्रवाणी केंद्राच्या फाटकावरून चढून आत शिरले, ते दृश्य अनेकांना आठवत असेल.

याच नियमाने उठाव मोडतोही. 23 फेब्रुवारी 1981 रोजी स्पेनमध्ये लेफ्टनंट कर्नल तेहेरो यांनी संसदेत घुसून खासदारांना ओलीस धरले आणि व्हॅलेन्सिया शहरात रणगाडे रस्त्यावर आले. मध्यरात्र उलटल्यावर राजे हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आले आणि आपण राज्यघटनेच्या बाजूने आहोत असे त्यांनी सांगितले. कुंपणावरच्या सेनापतींना दिशा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खेळ संपला. तुर्कस्तानात 15 जुलै 2016 च्या रात्री बंडखोरांनी सरकारी वाहिनीच्या निवेदिकेला धाक दाखवून आपले निवेदन वाचायला लावले खरे. पण राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांनी एका खासगी वाहिनीच्या निवेदिकेला व्हिडिओ कॉल केला आणि तिने तो मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरला. ध्वनिक्षेपक एकच असण्याचे दिवस सरले आहेत, हे बंडखोरांच्या ध्यानात आले नव्हते.

काही देशांत मात्र ही कुजबुज सुरूच होत नाही, आणि मला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. भारत आणि पाकिस्तान यांची सैन्ये एकाच ब्रिटिश सैन्याची दोन शकले आहेत. तेच कायदे, त्याच मेस, तेच कवायतीचे हुकूम. तेव्हा ‘आमचे जवान मुळातच शिस्तीचे’ हे आपले आवडते उत्तर इथे लंगडे पडते. महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश हिंदी सैन्यात निम्म्याच्या आसपास भरती एकट्या पंजाबातून होत असे. फाळणीनंतर पाकिस्तानात त्याच प्रांताचे प्राबल्य उरले आणि भारताच्या वाट्याला अनेक प्रांतांचे, अनेक भाषांचे सैन्य आले, ज्यात सर्वांनी सर्वांचा अंदाज बांधणे कठीण. शिवाय भारतात 1951-52 मध्येच सार्वत्रिक निवडणूक झाली. पाकिस्तानात अशी राष्ट्रीय निवडणूक व्हायला 1970 उजाडले, आणि 1947 ते 1958 या अकरा वर्षांत तिथे सात पंतप्रधान झाले. जिथे सरकारच पाहुण्यासारखे येते-जाते, तिथे यजमानपण कोणाकडे जाणार हे उघड आहे.

दिल्लीत काही गोष्टी जाणूनबुजूनही केल्या गेल्या. सरसेनापतींचा तीन मूर्ती येथील प्रशस्त बंगला पंतप्रधानांचे निवासस्थान झाला. 1955 मध्ये सरसेनापती हे पदच जाऊन तिन्ही दलांचे स्वतंत्र प्रमुख आले. पुढे सीमा सुरक्षा दलासारखी निमलष्करी दले गृहखात्याखाली वाढली, म्हणजे देशातील सारी शस्त्रे एका हाती राहिली नाहीत. या वाटणीची किंमतही असते. तिन्ही दलांत समन्वय नाही ही तक्रार दशकानुदशके चालली आणि संरक्षणदल प्रमुख हे पद निर्माण व्हायला 2019 चा डिसेंबर यावा लागला.

सत्ता न बळकावताही सैन्य राजकारणात पाय रोवू शकते. म्यानमारच्या 2008 च्या राज्यघटनेने संसदेच्या 25 टक्के जागा लष्करासाठी राखून ठेवल्या होत्या, आणि चिलीमध्ये सरकारी तांबे कंपनीच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा कायद्यानेच शस्त्रखरेदीकडे जात असे. तो कायदा 2019 मध्ये रद्द झाला. कोस्टा रिकाने 1948 मध्ये सैन्यच बरखास्त केले, पण तो मार्ग सर्वांना परवडणारा नाही.

समाजाच्या बाजूने पाहिले तर पलटण ही महाराष्ट्रात वर चढण्याची शिडीही होती. डॉ. आंबेडकरांचा जन्म महूच्या छावणीतला. वडील रामजी सकपाळ सुभेदार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी ‘लढवय्या जाती’चे, म्हणजे काही जातीच जन्मतः लढाऊ असतात हे खूळ घेऊन महारांची भरती थांबवली, तेव्हा नोकरीबरोबर पलटणीतली शाळाही गेली. ती शिडी पुन्हा नीट उभी राहिली 1941 मध्ये, महार रेजिमेंटच्या स्थापनेने.

आणि पूल. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावरील चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेल्यानंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला लष्कराने पादचारी पूल उभारले. 2018 च्या फेब्रुवारीत ते खुले झाले तेव्हा शहरात कौतुकच अधिक होते, आणि ते रास्तही होते. पण जिना रुंद करायलाही जवान बोलवावे लागतात, याचा अर्थ मुलकी यंत्रणेने आपले काम टाकले असा होतो. नागरी यंत्रणा निकामी आणि सैन्य तेवढे कार्यक्षम ही समजूत लोकांच्या मनात रुजली की सेनापतींच्या महत्त्वाकांक्षेला आयते निमंत्रण मिळते, असे अनेक देशांचा अनुभव सांगतो. तीन पुलांनी भारतात असे काही होणार नाही, पण सवय मात्र वाईट.

जनरल करिअप्पा हे भारताचे पहिले भारतीय सरसेनापती. फाळणीपूर्वी सरहद्द प्रांतात त्यांच्या हाताखाली काम केलेले अयूब खान 1958 मध्ये एकही मत न मागता पाकिस्तानचे सर्वेसर्वा झाले. करिअप्पा 1953 मध्ये निवृत्त होऊन उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले, आणि 1971 मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. मतदारांनी त्यांना पाडले. त्याच वर्षी डिसेंबरात ढाक्यात विजयी झालेले भारतीय सैन्य पुढे परतले, ते छावणीतच.