घरचं कार्य, बेताच्या खर्चात: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"बारसं आहे, साधारण किती खर्च येईल?" दुकानात पाऊल टाकल्याबरोबर बहुतेकजण हाच प्रश्न विचारतात. उत्तर देण्याआधी आम्ही तीन गोष्टी विचारतो. माणसं किती, जागा कुठली आणि वेळ काय? सजावटीचं सामान त्यानंतर. हे पत्रक त्याच क्रमाने लिहिलं आहे.

ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं दुकान लहान आहे. कागद, पुठ्ठा, रिबिनी, मणी, रंग असं हस्तकलेचं सामान आम्ही विकतो. पाळणा, चौरंग, स्टीलची ताटं, सतरंज्या, पितळी समया, अत्तरदाणी-गुलाबदाणी हे भाड्याने देतो. वर्षातून एकदाच लागणारी वस्तू विकत घेऊन माळ्यावर टाकू नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. त्यामुळे आमची विक्री थोडी कमी होते, पण तेच ग्राहक पुढच्या कार्याला परत येतात.

वेळ आधी ठरवा

निम्मा खर्च वेळेवरच ठरतो. दुपारी साडेबारा म्हटलं की पाहुणे जेवायला येणार, म्हणजे पूर्ण ताट आलं. दुपारी साडेचार ते सात ठेवलं तर एक-दोन तिखट पदार्थ, एक गोड आणि चहा, सरबत किंवा मठ्ठा पुरतं, आणि कुणाला काही कमी वाटत नाही. बारसं, डोहाळजेवण, बोरन्हाण, लहान मुलाचा वाढदिवस ही सगळी कार्यं दुपारनंतर छान होतात. मुंजीला किंवा वास्तुशांतीला मुहूर्त पाळावा लागतो, तिथे हे चालत नाही.

रविवारी आणखी एक गोष्ट बघा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, बहुतेक दिवसा असतो. डोंबिवली-कल्याणहून किंवा वाशी-नेरुळकडून येणारे पाहुणे त्यात अडकले की औक्षणाचं ताट तासभर तसंच राहतं. शनिवारी वेळापत्रक पाहून घ्या आणि आमंत्रणाच्या संदेशातच लिहून टाका.

जागेचं गणित सोपं आहे. दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलमधून सोफा आणि टीपॉय आतल्या खोलीत हलवले, तर सतरंजीवर 20 ते 25 माणसं आरामात बसतात. त्याहून जास्त असतील तर घरात कोंबू नका, सोसायटीचा हॉल घ्या. अनामत किती, पंखे किती, पाण्याचा नळ जवळ आहे का आणि सामान लिफ्टमधून नेता येईल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. रात्री 10 नंतर स्पीकर लावता येत नाही, हे तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवा.

एकच भिंत सजवा

आमचं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हेच आहे. बाळाचा पाळणा, गर्भवतीचा झोपाळा किंवा केकचं टेबल जिथे असेल, त्यामागची एकच भिंत सजवा. फोटोत तीच दिसते आणि पाहुण्यांची नजरही तिथेच जाते. घरभर पताका लावल्या की सामान दुप्पट लागतं आणि मुख्य जागा हरवते. दारावर तोरण, उंबऱ्याशी रांगोळी आणि ही एक भिंत, एवढं भरपूर होतं.

भिंतीला सगळ्यात देखणा पडदा आपल्या कपाटातच असतो: आईची किंवा आजीची साडी. नेहमीची साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतच रुंद असते. ती मधोमध दुमडून पडद्याच्या दांडीवरून टाकली की पुढे आणि मागे प्रत्येकी पावणेतीन मीटर पडते, म्हणजे जमिनीपर्यंत पोचून थोडी उरते. उरलेला भाग वर दुमडून घ्या. सात फुटांच्या भिंतीला दोन साड्या सपाट बसतात. चुण्या हव्या असतील तर तीन घ्या. एकरंगी साडी निवडा आणि काठ बाहेरच्या बाजूला येऊ द्या. ठसठशीत बुट्ट्यांची साडी फोटोत बाळावर मात करते. ज्या बाईची ती साडी असते, तिला तिथे बसवून फोटो काढायला विसरू नका. आजीची साडी मागे आणि मांडीवर नात, असे फोटो ग्राहक आम्हाला पाठवतात तेव्हा आम्हालाही भरून येतं.

दांडी नसेल तर भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून सुतळी ताणा. डबल टेपने जड काही लावू नका. पंख्याच्या वाऱ्याने ते सुटतं आणि काढताना रंगाचा पापुद्रा निघून येतो. भाड्याच्या घरात हा खर्च सजावटीपेक्षा मोठा होऊन बसतो.

साडीवर काय लावायचं? आमच्याकडे सगळ्यात जास्त शिकवली जातात ती कागदी चक्रं. ए4 आकाराचा रंगीत कागद लांबीच्या दिशेने मधोमध कापा. साडेदहा सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतील. दर दीड सेंटीमीटरला एकदा पुढे, एकदा मागे अशा घड्या घाला, जसा लहानपणी कागदी पंखा करायचो तसा. अशा तीन पट्ट्या एकमेकींना चिकटवून शेवटचं टोक पहिल्याला जोडा. कड्यासारखा गोल तयार होईल. वरच्या कडा आत दाबून तो टेबलावर आडवा केला की चक्र उघडतं. लगेच मधोमध पुढून-मागून पुठ्ठ्याची एकेक टिकली फेविकॉलने चिकटवा आणि वर जाड पुस्तक ठेवून पंधरा मिनिटं सोडा. हे चक्र 21 सेंटीमीटर व्यासाचं होतं. तोच कागद लांबीत चार पट्ट्यांमध्ये कापला तर दोन-दोन पट्ट्यांची दोन लहान चक्रं निघतात. आठ मोठी आणि आठ लहान चक्रं करायला एकूण 16 कागद लागतात आणि सात फुटांची भिंत तेवढ्यात भरते.

दोन पट्ट्यांत मोठं चक्र उरकायचा मोह होतो, पण तसं करू नका. बाहेरचा घेर पुरत नाही आणि कागद फाटतो. कागद 100 ते 120 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्या. झेरॉक्सचा कागद लुळा पडतो आणि जाड कार्डशीटला घडीवर भेगा जातात. आदल्या रविवारी घरातली चार माणसं जेवणानंतर बसली की दोन तासांत काम होतं. आजोबा घड्या घालतात, मुलं डिंक लावतात. ग्लू गन मात्र मुलांच्या हाती देऊ नका, त्या गरम डिंकाचा चटका खोल बसतो.

पावसाळ्यातलं कार्य असेल तर क्रेप कागद टाळा. आमच्या सुरुवातीच्या वर्षांत श्रावणातल्या एका बारशाला आम्ही लाल क्रेपची फुलं करून दिली होती. खिडकीतून पावसाची झड आली, कागद भिजला आणि लाल रंग ओघळून पांढऱ्या भिंतीवर उतरला. रंगकामाचे पैसे आम्ही दिले, पण त्या घरच्या मंडळींचा हिरमुसलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून जून ते सप्टेंबर आम्ही साधा रंगीत कागद, कापड आणि सुतळी एवढंच सुचवतो.

तोरण आणि फुलं

तीन फुटांच्या दाराला झेंडूची फुलं खेटून ओवली तर साधारण 18 लागतात. मध्ये आंब्याची पानं घातली तर 11-12 पुरतात आणि तोरण जास्त शोभतं. एवढ्यासाठी दादरच्या फूलबाजारात जायची गरज नाही, जांभळी नाक्यावर सगळं मिळतं. फुलांची वाडी, झोपाळ्याच्या दोऱ्यांना माळा आणि मखर असं सगळं असेल तरच पहाटेची लोकल पकडून दादर गाठण्यात फायदा आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास झेंडू महागतो. त्या दिवसांत फुलं फक्त दाराला लावा आणि आत कागद वापरा. आदल्या रात्री आणलेली फुलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत वाफ धरून ती काळी पडतात. टोपलीत पसरून वर ओलसर सुती कापड टाका.

डोहाळजेवणाला फुलांच्या दागिन्यांचा खर्च सगळ्यात मोठा असतो. मुकुट आणि बाजूबंद खऱ्या फुलांचे करा. कंबरपट्टा आणि हार कापडी फुलांचे आमच्याकडून भाड्याने न्या. सातव्या महिन्यात जड, ओल्या माळा अंगावर तासभर बाळगणं त्या मुलीला सोपं नसतं.

जे आम्ही विकत नाही

थर्माकोलचं मखर, अक्षरं किंवा खांब आमच्याकडे मिळणार नाहीत. महाराष्ट्रात 2018 पासून त्यावर बंदी आहे. 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, एकदाच वापरायची प्लास्टिकची ताटं, पेले आणि चमचे हे सगळं बंद आहे. बाळाच्या नावाची अक्षरं आम्ही खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून देतो. त्यावर वर्तमानपत्राचा थर आणि मग रंग दिला की ती थर्माकोलपेक्षा टिकतात. कितीतरी घरांत ती नंतर मुलाच्या खोलीच्या दारावर लागलेली आम्ही पाहिली आहेत.

फुगे घ्या, पण हवेचे. तरंगणाऱ्या फुग्यात भरलेला वायू हायड्रोजन असेल तर केकच्या मेणबत्तीजवळ तो भडकतो. हेलियम सुरक्षित आहे पण महाग, आणि नेहमीच्या रबरी फुग्यात तो साधारण 10-12 तासच टिकतो. फेसाच्या फवाऱ्याचे डबेही मेणबत्ती पेटलेली असताना अजिबात वापरू नका. तो फवारा पेट घेतो आणि समोर मुलाचा चेहरा असतो. हे डबे दुकानात ठेवा म्हणून खूप मागणी येते, तरी आम्ही ठेवत नाही.

बोरन्हाण

कमी खर्चात सगळ्यात जास्त आनंद देणारं कार्य कुठलं, असं विचाराल तर आमचं उत्तर बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. चुरमुरे, बोरं, उसाचे पेरे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या आणि थोडा हलवा एवढंच सामान लागतं. ते सगळं एका फेरीत बाजारात मिळतं. खाली जुनी स्वच्छ चादर अंथरा, म्हणजे मुलांनी लुटून उरलेलं एका झटक्यात गोळा होतं. बाळ वर्षाच्या आतबाहेरचं असेल तर डोक्यावरून फक्त चुरमुरे घाला. बोरं आणि उसाचे तुकडे बाजूला ओता, ते डोक्याला लागतात. हलवा, गोळ्या, दाणे लहानग्यांच्या घशात अडकू शकतात. म्हणून लुटायला सोडण्याआधी चार-पाच वर्षांखालच्या मुलांजवळ एक मोठं माणूस बसवा.

हलव्याचे दागिने घरी करता येतात आणि जरूर करावेत. हलव्याला काटा असल्यामुळे दोऱ्याच्या फासात दाणा पक्का बसतो. दोन दाण्यांमध्ये एक गाठ, या हिशेबाने हार आणि मनगट्या गुंफा. मुकुटासाठी बाळाच्या डोक्याचा घेर सुतळीने मोजून काळ्या कापडाची पट्टी कापा आणि गुंफलेले सर तिच्यावर टाचा. काहीजण डिंकाने चिकटवतात. मोठ्यांच्या दागिन्यांना ते चालेल, पण बाळ ते तोंडात घालणारच, म्हणून बाळासाठी फक्त दोरा वापरा. कुठलीही गाठ सैल वाटली तर तो सर बाळाला घालू नका, आणि फोटो झाले की दागिने लगेच उतरवा. तयार दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ठाण्याच्या दमट हवेला हलवा ओला होतो आणि मुंग्या लागतात.

खाणं

दुपारनंतरच्या 25 माणसांच्या कार्याचा आमचा ठरलेला अंदाज असा. मसालेभाताला दोन किलो तांदूळ, प्रत्येकी दोन बटाटेवड्यांसाठी अडीच किलो बटाटे, श्रीखंडासाठी दीड किलो चक्का आणि एक किलो साखर, मठ्ठा पाच लिटर. पुऱ्या नकोत. तळणारी बाई स्वयंपाकघरातच अडकते, आणि बहुतेक वेळा ती बाळाची आजी असते. भात आणि श्रीखंड घरी करा, वडे शेजारच्या पोळीभाजी केंद्राला सांगा. बाहेर बारसं चालू असताना घरातली बाई आत कढईपाशी उभी राहू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. एप्रिल-मे महिन्यात शिजवलेला भात दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका आणि श्रीखंडाचं पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा.

ताटं आमच्याकडून स्टीलची न्या किंवा पत्रावळी वापरा. स्टीलची ताटं खरकटं काढून, एकदा विसळून परत आणली तरी चालतील, बाकीचं आम्ही धुऊन घेतो.

पाहुण्यांना द्यायला रंगवलेल्या पणत्यांची जोडी छान दिसते आणि खिशालाही परवडते. रंग फक्त बाहेरून द्या, आत ज्योत असते. कोऱ्या पणत्या रंगवण्याआधी दोन-तीन तास पाण्यात भिजवून पूर्ण वाळवा. सोबतच्या चिठ्ठीवर "वापरण्याआधी थोडा वेळ पाण्यात ठेवा" असं लिहा, म्हणजे पणती तेल पिणार नाही.

भाड्याचं सामान कार्याच्या आदल्या संध्याकाळी न्यावं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत करावं. दर दुकानातल्या फळ्यावर लिहिलेले आहेत आणि ते सगळ्यांना सारखेच आहेत. पाळण्यासाठी पंधरा दिवस आधी सांगा, कारण पाळणे दोनच आहेत. शनिवारी दुपारी तीन ते पाच दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही चक्रं, तोरण आणि पुठ्ठ्याची अक्षरं शिकवतो. वेगळं शुल्क नाही, फक्त आपल्या सामानाचे पैसे द्या. येताना भिंतीचं फुटांतलं माप, तिचा एक फोटो आणि जी साडी लावायची ती बरोबर आणा. कागदाचा रंग साडीशेजारी धरून बघितल्याशिवाय आम्ही कागद कापत नाही.